पोथीचा दिवा आणि घाण्याचे तेल

१

'ज्ञानपरंपरा' हा शब्द सध्या फार चलनात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'भारतीय ज्ञान प्रणाली' महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आणली. हस्तलिखितांसाठी २००३ पासून राष्ट्रीय पातळीवर एक मिशन होते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' या नावाने नव्या मिशनची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचा संकल्प सोडण्यात आला. हस्तलिखिते जपली पाहिजेत याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते त्या ग्रंथाचा आमच्यावरचा अधिकार नाकारण्यासाठी. त्याच्या प्रती जगातून नाहीशा करण्यासाठी नव्हे. मनुस्मृतीचे जेवढे बारकाईने वाचन बाबासाहेबांनी केले तेवढे तिच्या किती भक्तांनी केले असेल, हा प्रश्नच आहे.

तेव्हा भांडण पोथीशी नाही. भांडण आहे ते पोथीविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथेशी. ही कथा अशी: प्राचीन ऋषी, मग आचार्य, मग गुरू, मग शिष्य, एका मुखातून दुसऱ्या कानात, एका बोरूतून दुसऱ्या पानावर ज्ञानाचा प्रवाह अखंड वाहत आला. या कथेत ज्ञान नदीसारखे आपोआप वाहते. पण ज्ञान आपोआप वाहत नाही. त्याला जमीन लागते, धान्य लागते, दिव्याला तेल लागते, काजळीची शाई लागते, पोथी बांधायला विणलेले फडके लागते, आणि सर्वांत मुख्य म्हणजे शेतात न राबता दिवसभर नक्कल करीत बसता येईल अशी फुरसत लागते. हे सारे कोणी पुरवले आणि पुरवणाऱ्याला त्या ज्ञानातला वाटा किती मिळाला, हे न विचारता लिहिलेला ज्ञानाचा इतिहास हा अर्धा इतिहास असतो. अर्धा इतिहास अनेकदा खोट्यापेक्षा घातक असतो, कारण त्यातली वाक्ये खरी असतात.

२

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक शिलालेख घेऊ. चाळीसगावजवळ पाटणे नावाचे गाव आहे. तेथील भवानीच्या पडक्या देवळातला हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि घराण्यातील इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून येथे एक मठ स्थापन केला. चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी. मठाला दान दिले ते यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव याने.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. या माणसाच्या बुद्धीला कमी लेखण्याचे काही कारण नाही. त्यांचे गणित खरे आहे, आणि खरे गणित कोणाच्याही जातीचे नसते. पण त्या शिलालेखाची मांडणी डोळे उघडे ठेवून पाहावी. वरचा बहुतांश भाग संस्कृतात आहे. त्यात घराण्याची वंशावळ आहे, त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत. कोणाला कोणत्या राजाने मान दिला, कोण कोणत्या शास्त्रात निपुण होता, याचे गुणगान आहे. खाली शेवटी मराठी येते. मराठी कशासाठी? पैशासाठी. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा ठरावीक कर मठाला द्यायचा, मापाचे उत्पन्न मठाला द्यायचे, आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील त्यांतल्या प्रत्येकाने पळीपळीने तेल मठाला द्यायचे.

मराठी वाङ्मयाचे अभ्यासक हा लेख आद्य मराठीचा नमुना म्हणून वाचतात. विभक्तीचे प्रत्यय तपासतात. गणिताचे इतिहासकार तो भास्कराचार्यांच्या वंशावळीसाठी वाचतात. दोन्ही वाचने योग्यच आहेत. पण एकाच दगडावर भाषांची ही वाटणी का झाली, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. उत्तर दगडावरच आहे. ज्ञानाची कीर्ती ज्यांनी वाचायची त्यांची भाषा संस्कृत. ज्ञानाचा खर्च ज्यांनी सोसायचा त्यांची भाषा मराठी. घाणेवाल्याला समजायला हवे होते ते एवढेच, की किती तेल द्यायचे. त्या तेलावर जळणाऱ्या दिव्याखाली काय वाचले जाते, हे त्याला समजण्याची गरज लेख कोरणाऱ्यांना वाटली नाही. वंशावळीत नऊ पिढ्यांची नावे आहेत. घाणेवाल्यांपैकी एकाचेही नाव नाही.

यावर कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. काळावर अशी जबाबदारी ढकलणे सोपे असते. म्हणून त्याआधीचा काळ पाहू. पाटण्याच्या शेजारीच डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या शतकांतली. तेथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. पैठणच्या एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, नाव दाता म्हणून आहे. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, तिसऱ्या शतकातला लेख आहे. एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायम ठेव ठेवली. ती ठेव कोणाकडे ठेवली? कारागिरांच्या श्रेणींकडे, आणि त्या श्रेणींमध्ये तिळाचे तेल गाळणारे तिलपिषकही आहेत. म्हणजे तेली हा तेथे विश्वस्त आहे. धर्मसंस्थेची पुंजी त्याच्या हाती सुखरूप राहील, असा विश्वास समाजाला वाटतो. हजार वर्षांनंतर पाटण्यात तोच तेली केवळ पळीचा देणेकरी उरला. यावरून बौद्ध काळात सारे आलबेल होते असा निष्कर्ष काढू नये. त्या लेण्यांनाही राजे, सावकार आणि गावांच्या जमिनी लागल्याच होत्या. पण कष्टकऱ्याचे नाव दगडावर येऊ शकत होते आणि नंतर ते येईनासे झाले, हा फरक काळाच्या नावाने पुसता येणार नाही.

३

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या गावात बसून हा इतिहास वाचणाऱ्याला लांब जाण्याची गरज नाही. शेजारचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथे सापडलेला चौथ्या शतकातला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट हा वाकाटकांच्या सर्वांत जुन्या ताम्रपटांपैकी. त्यात नांदिकट, म्हणजे अभ्यासकांच्या मते आजचे नांदेड, त्या भागातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. येथेही राजवंशाची ओळख संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. पाटण्याची वाटणी नवी नव्हती, हे यावरून ध्यानात येईल.

पुढच्या शतकात वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतला प्रवरसेन दुसरा याने अचलपूरजवळचे चम्मक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिले: राजमापाने आठ हजार भूमी. अशा ताम्रपटांत सवलतींची यादी असते. दान दिलेल्या गावाने फिरत्या राजपुरुषांना फुले-दूध पुरवायचे नाही, बसायला कातडे आणि कोळसा पुरवायचा नाही, वगैरे. ही यादी आपण उलटी वाचली पाहिजे. ज्या गावांना सवलत नव्हती त्या गावांतून हे सारे नेले जात होते. कातडे कोणी कमावले? कोळसा कोणी पाडला? सवलत ब्राह्मणांच्या गावाला मिळाली. कातडे कमावणाऱ्याचे हात त्यामुळे मोकळे झाले असे कोणताही ताम्रपट सांगत नाही. वेदविद्येचे पोषण म्हणून ज्याचा गौरव होतो त्या अग्रहार व्यवस्थेचा हा पाया आहे.

आता या अर्थकारणाला तत्त्वज्ञानाने दिलेले कुलूप पाहू. आठव्या शतकाच्या सुमारास शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिले. त्यात अपशूद्राधिकरण नावाचा भाग आहे. सर्वत्र एकच ब्रह्म भरलेले आहे असे सांगणारा हा आचार्य तेथे शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असा निर्णय देतो, आणि आधारासाठी वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतण्याचे स्मृतिवचन उद्धृत करतो. इतिहास-पुराणे ऐकायला मात्र चारही वर्णांना मोकळीक आहे. अस्पृश्य तर या चारांतही नाही. त्याची चर्चासुद्धा नाही. हे भाष्य आजही महाविद्यालयांत शिकवले जाते, आणि अनेकदा हा भाग वगळून शिकवले जाते. वगळणे ही देखील परंपरा चालवण्याची एक रीत आहे.

शिसे प्रत्यक्षात किती कानांत ओतले गेले हा मुद्दा गौण आहे. कानाशी जो धाक उभा केला तो पिढ्यान्‌पिढ्या पुरला.

४

पोथी टिकते कशी? ताडपत्र आपल्या हवेत फार काळ टिकत नाही. वाळवी, कसर, दमट पावसाळे यांतून एखादे बाड काही शतके निभावले तरी नवल. म्हणून ग्रंथ जिवंत राहायचा तर त्याची पुनःपुन्हा नक्कल झाली पाहिजे. ज्याची नक्कल होत नाही तो ग्रंथ मरतो. त्याला जाळण्याची गरज नसते. नुसते दुर्लक्ष पुरते. मराठीत दोन वाक्प्रचार आहेत. पोथीतला नको असलेला मजकूर लेखनिक पिवळ्या हरताळाचा लेप देऊन झाकीत, त्यावरून 'हरताळ फासणे' आले. आणि न उघडायची पोथी 'बासनात गुंडाळून' ठेवीत. आमच्या इतिहासाचे या दोन्ही प्रकारे काय झाले, ते या दोन वाक्प्रचारांतच आले आहे.

बौद्ध ग्रंथांचे उदाहरण घ्या. मुंबईजवळच्या कान्हेरीला नवव्या शतकापर्यंत विहार नांदते होते. शिलाहारांच्या काळातील एका लेखात दानाच्या रकमेची वाटणी दिली आहे: पूजेला वीस द्रम्म, डागडुजीला तीन, भिक्षूंच्या चीवरांना पाच, आणि पुस्तकांसाठी एक द्रम्म. पुस्तकांसाठी वेगळा द्रम्म काढून ठेवणारा हा लेख प्रत्येक ग्रंथालयाच्या भिंतीवर लावावा असा आहे. पण त्या द्रम्मातून घेतलेले एक पानही कान्हेरीत उरले नाही. अजिंठा, वेरूळ, कान्हेरी: दगड उरले, ग्रंथ गेले. भारतीय बौद्ध विद्या पुन्हा हाती आली ती गिलगिट, नेपाळ आणि तिबेट येथून. १९२९ ते १९३८ या काळात राहुल सांकृत्यायन चार वेळा तिबेटात गेले आणि तेथील मठांत जपलेल्या संस्कृत पोथ्यांच्या नकला व छायाचित्रे घेऊन आले. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीचे मूळ संस्कृत 'प्रमाणवार्तिक' अशा पोथ्यांमुळे पुन्हा वाचता आले. हाच धर्मकीर्ती जडबुद्धीच्या पाच खुणा सांगतो आणि त्यांत वेदप्रामाण्याच्या जोडीला जातीचा गर्व ठेवतो. भारतात न्यायशास्त्राचे पंडित शतकानुशतके त्याचे खंडन करीत राहिले. पण ज्याचे खंडन करायचे त्याचा ग्रंथ जपावा, असे फारसे कोणाला वाटले नाही. प्रतिपक्ष उरला तो केवळ पूर्वपक्ष म्हणून, दुसऱ्याच्या तोंडून.

५

'वज्रसूची' या लहानशा ग्रंथाचा प्रवास तर मुद्दाम सांगावा असा आहे, कारण त्यात महाराष्ट्राचा संबंध फार विचित्र रीतीने येतो.

'वज्रसूची' हा जातिभेदावर थेट हल्ला करणारा संस्कृत ग्रंथ. परंपरेने तो अश्वघोषाच्या नावावर आहे. दहाव्या शतकात, ९७३ ते ९८१ च्या दरम्यान, त्याचे चिनी भाषांतर झाले तेव्हा तो धर्मकीर्तीच्या नावावर होता. युक्तिवाद साधा आणि धारदार आहे. ब्राह्मण कशाने होतो? जन्माने? देहाने? ज्ञानाने? कर्माने? वेद, महाभारत, मनू यांचीच वचने घेऊन एकेक उत्तर खोडून काढले आहे. गाय, घोडा, हत्ती यांची पावले वेगवेगळी उमटतात. चार वर्णांच्या माणसांची पावले वेगळी उमटतात काय? याच आशयाचे 'वज्रसूचिका' नावाचे एक उपनिषदही आहे आणि ते १०८ उपनिषदांच्या यादीत बसले आहे. आधी कोणते, याविषयी विद्वानांत वाद आहे. पण उपनिषदाच्या शेवटी ब्रह्मज्ञानी तोच ब्राह्मण असा समारोप होतो आणि सुईचे टोक बोथट होते, हे दोन्ही वाचणाऱ्याला कळते. सतराव्या शतकात तुकोबांची शिष्या बहिणाबाई हिने वज्रसूचीचा आशय मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू केला, त्याचा जाच तिने सोसला होता. तिला हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

मूळ बौद्ध ग्रंथ मात्र नेपाळात राहिला. काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातीतील ब्रायन हॉजसन याला तो तेथील बौद्ध पंडितांकडून मिळाला. १८३० च्या आसपास त्याने इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे भोपाळ संस्थानातील सीहोरचा ब्रिटिश अधिकारी लॅन्सलट विल्किन्सन याने १८३९ मध्ये मूळ संस्कृत छापून काढले. त्याच्या पदरी सुबाजी बापू नावाचे मराठी शास्त्री होते. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा त्यांचा व्यासंग दांडगा. १८३६ मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक लिहून पुराणांतला भूगोल, सिद्धान्तांतले ज्योतिष आणि कोपर्निकसचे मत यांची तुलना केली, आणि पुराणांतले सपाट पृथ्वीचे वर्णन टिकत नाही हे निर्भीडपणे मांडले. काशीच्या शास्त्र्यांचा रोष पत्करण्याची तयारी असलेला हा माणूस. परंतु 'वज्रसूची' छापायची वेळ आली तेव्हा याच सुबाजी बापूंनी तिच्या खंडनासाठी 'टंक' नावाचा ग्रंथ लिहिला आणि तो त्याच पुस्तकात जोडला गेला. ब्राह्मण्य जन्मानेच येते, हा त्याचा निष्कर्ष.

ही घटना मला आपल्या साऱ्या विद्यापरंपरेची कसोटी वाटते. पाटण्याच्या मठातून निघालेली ज्ञानाची वाट सहाशे वर्षांनी जेथे पोहोचली तेथे पृथ्वी गोल झाली, आकाश बदलले, पुराणे खोटी ठरली. वर्ण तेवढा जागचा हलला नाही. सुबाजी बापूंची बुद्धी लहान नव्हती. त्यांनी आकाशाविषयीचे जुने मत सोडले, कारण ते सोडल्याने त्यांचे स्थान सुटत नव्हते. जातीविषयीचे मत सोडणे म्हणजे स्वतःच्या पायाखालची जमीन सोडणे होते. आधुनिक विज्ञान आले की जात आपोआप जाईल असे मानणाऱ्या आमच्या पुरोगामी मित्रांनी १८३९ चे ते पुस्तक आठवावे. एका बांधणीत ते दोन्ही ग्रंथ शिवलेले आहेत.

पण छापखान्याने एक गोष्ट केली. एकदा छापलेले पुस्तक बासनात गुंडाळता येत नाही. १८६१ मध्ये तुकाराम तात्या पडवळ यांनी 'एक हिंदु' या नावाने 'जातिभेद विवेकसार' प्रसिद्ध केले. शास्त्रांचीच वचने शास्त्र्यांवर उलटवण्याची ही जुनी रीत आता मराठी गद्यात, सामान्य वाचकासाठी आली. त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये प्रकाशित केली ती जोतीराव फुले यांनी. बहिष्कृत विचाराला हजार वर्षांत प्रथमच या भूमीत असा प्रकाशक मिळाला, जो फुलमाळ्याच्या घरातला होता आणि ज्याने महारामांगांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. ज्ञानाची परंपरा कोठे वळली असे कोणी विचारले तर हे वळण दाखवावे.

६

यावर प्रस्थापित समीक्षेचे एक ठरलेले उत्तर असते: संस्कृतची दारे बंद होती हे खरे, पण मराठीने ती उघडली. महानुभावांनी आणि वारकऱ्यांनी बहुजनांना ज्ञान दिले. या उत्तरात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे.

तेराव्या शतकात चक्रधरांनी मराठीत निरूपण केले, जातिभेद आणि विटाळ नाकारला. नागदेवाचार्यांनी ग्रंथ संस्कृतात रचण्यास विरोध केला, कारण साध्या बायाबापड्या त्याला मुकतील. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, साक्षीदार तपासून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत गेली आणि ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो इतरांच्या आठवणीतून; त्यांत हिराइसा या स्त्रीच्या पाठाला परंपरेत मानाचे स्थान आहे. पोथी बुडाली तेव्हा बाईच्या स्मरणाने तारली, ही लहान गोष्ट नव्हे. पण पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत दडवले. छळाचे भय होते, ते खोटे म्हणता येणार नाही. तरीही परिणाम हा झाला की बायाबापड्यांसाठी मराठीत लिहिलेला ग्रंथ सहा शतके बायाबापड्यांना वाचता आला नाही. विसाव्या शतकात अभ्यासकांनी लिपी उलगडली तेव्हा तो बाहेर आला. भाषा खुली करून भागत नाही. लिपी, शाळा आणि अधिकार खुले व्हावे लागतात.

वारकऱ्यांचे पाहा. नामदेवांची नर्सी गोरेगावच्या परिसरातच आहे आणि कीर्तन करू दिले नाही म्हणून देऊळ फिरले अशी ज्याची कथा सांगतात ते औंढा नागनाथही. नामदेव शिंपी. त्यांची ६१ पदे १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात आली आणि तेथे अक्षरशः जशीच्या तशी राहिली, कारण एका समाजाने तो ग्रंथ आपला मानला. महाराष्ट्रात नामदेवांचे अभंग कीर्तनकारांच्या बाडांतून फिरत राहिले, वाढत-घटत राहिले. आणि चोखोबा? मंगळवेढ्याची वेस बांधताना १३३८ मध्ये दरडीखाली गेलेला हा महार कवी. परंपरा सांगते की चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले. जनाबाईच्या नावावरील एका अभंगात कोणत्या संताचा लेखक कोण, याची यादीच आहे आणि त्यात हे नाव येते. अनंतभट्टाचे उपकार मान्य केले पाहिजेत. तो नसता तर चोखोबा आपल्याला मिळालेही नसते. पण समीक्षकाला पुढचा प्रश्न टाळता येत नाही: बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि लिहिणाऱ्याच्या जातीने बोलणाऱ्याला देवळाच्या पायरीवर थांबवलेले. तेव्हा काय लिहिले गेले, काय मवाळ झाले, काय राहून गेले? चोखोबांच्या अभंगांत पूर्वजन्मीच्या कर्माचा आणि हीनपणाच्या कबुलीचा सूर का दाटतो, याचे उत्तर केवळ त्यांच्या भक्तीत शोधणारी समीक्षा अनंतभट्टाच्या बोरूकडे पाहतच नाही. हा संशय सिद्ध करता येणार नाही. पण तो न घेता चोखोबा वाचणे हा भाबडेपणा ठरेल. दलित साहित्याने १९६० नंतर जो पहिला अधिकार मागितला तो हाच: आमचे आम्ही लिहू.

७

म्हणून जुन्या पोथीकडे जाताना कार्यकर्त्याने आणि विद्यार्थ्याने पाच प्रश्न बरोबर न्यावेत. हिचा खर्च कोणी दिला? हिची नक्कल कोणी केली? ही ऐकण्याचा अधिकार कोणाला होता? ही कोणी दडवली किंवा मरू दिली? आणि आज ही कोण, कशासाठी उघडत आहे? हे पाच प्रश्न भास्कराचार्यांनाही विचारावेत आणि आमच्या आवडत्या 'वज्रसूची'लाही. तीही संस्कृतातच होती. जिच्या बाजूने ती बोलत होती त्या माणसाला ती वाचता येत नव्हती. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्याशी न बोलता केलेला विद्रोह पंडितांच्या वादसभेतच संपतो.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही. त्यांना पर्शियन घ्यावे लागले. ते पुढे संस्कृत शिकले, पालीचा कोश तयार करीत राहिले, आणि १९५० मध्ये मराठवाड्यात, औरंगाबादला, महाविद्यालय काढून त्याला पुढे नाव दिले ते मिलिंदाचे. राजाला भिक्षूशी प्रश्नोत्तरे करता येतात, हा त्या नावाचा अर्थ. बंद पोथीला हे त्यांचे उत्तर होते. पण त्यांच्या निधनानंतर त्यांच्याच हस्तलिखितांचे काय झाले? वर्षानुवर्षे ती पेट्यांत पडून होती. १९७९ मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनाने पहिला खंड काढला. 'हिंदू धर्मातील कोडी' हे लेखन १९८७ मध्ये, लिहिल्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने छापले गेले आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते सर्वांना ठाऊक आहे. आमच्या सर्वांत मोठ्या ग्रंथकाराची ही स्थिती, तर इतरांचे काय?

इतर म्हणजे कोण? आंबेडकरी जलशांचे शाहीर, भीमराव कर्डकांच्या पिढीपासूनचे, ज्यांची पदे वह्यांतून एका गावाहून दुसऱ्या गावाला उतरवून नेली जात. गोपाळबाबा वलंगकरांच्या १८८८ च्या 'विटाळ विध्वंसन' पुस्तिकेपासूनची छोटी पत्रके. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या वस्त्यांवर लिहिलेली निवेदने, सभांची इतिवृत्ते, वतनाच्या कामाला नकार देणारे कागद. हे सारे कोठे असेल तर पत्र्याच्या ट्रंकांत, आढ्याला बांधलेल्या गाठोड्यांत, म्हाताऱ्यांच्या उशाशी.

आता एक कायद्याची गोष्ट सांगतो. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलासंपदा अधिनियमानुसार ७५ वर्षे जुने आणि शास्त्रीय, ऐतिहासिक अथवा वाङ्मयीन मोल असलेले हस्तलिखित हे पुरातन वस्तू ठरते. त्यात जातीची अट नाही, संस्कृतची अट नाही, ताडपत्राची अट नाही. म्हणजे १९४० च्या दशकातली जलशाची वही, स्वातंत्र्यापूर्वीच्या परिषदेचे हाताने लिहिलेले इतिवृत्त, हे आज कायद्याच्या भाषेत भास्कराचार्यांच्या पोथीच्या पंक्तीला बसू शकते. एक कोटी हस्तलिखितांची मोजणी होणार असेल तर त्या मोजणीत ही वही येणार की नाही, हे दिल्लीत ठरणार नाही. सर्वेक्षण करणारा मठात जाईल, देवळात जाईल, जुन्या वाड्यात जाईल. वस्तीत येऊन ट्रंक उघडा असे तो आपणहून म्हणेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

तेव्हा प्रत्येक गावातल्या शिक्षकाने, महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आपल्या वस्तीतल्या हस्तलिखित कागदांची यादी करावी. कागद मालकाच्या घरातच राहू द्यावा, त्याचे छायाचित्र घ्यावे. कोणी लिहिले, कोणत्या साली, कोणाकडून उतरवून घेतले, कोठे गायले, हे विचारून लिहून ठेवावे. ज्यांना वाचता येत नव्हते पण सारा जलसा पाठ होता अशा बाया अजून गावोगाव आहेत. त्यांचे म्हणणे ध्वनिमुद्रित करावे. त्या आमच्या हिराइसा आहेत. यादीची एक प्रत गावात, एक तालुक्याच्या वाचनालयात आणि एक विद्यापीठात द्यावी, म्हणजे एका ठिकाणी कसर लागली तरी दुसरीकडे वाचेल.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी एक विनवणी लिहीत: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. मूर्ख कोणाला म्हणायचे ते त्या लेखनिकाच्या समाजाने आधीच ठरवून टाकले होते. आपल्या यादीच्या शेवटी आपण पहिल्या तीन गोष्टी अवश्य लिहाव्यात. चौथी लिहू नये. तिच्या जागी वाचणाऱ्याने या पोथीची आणखी एक नक्कल करून पुढे द्यावी, असे लिहावे.